ग्रामदेवतेची दोन वाहनं

बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि आईने टुमणं लावलं, "हिला ग्रामदेवतेच्या पायावर घालायला हवं." ती माझ्या बाळंतपणासाठी नागपूरहून आली होती आणि तिचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. कॅनडातल्या ओकव्हिलच्या बरंच पुढे असलेलं आमचं चिमुकलं गाव. दोन चर्च, एक डोनटचं दुकान आणि हवा तेवढा बर्फ. मी वैतागून म्हटलं, "आई, इथे कुठली आलीय ग्रामदेवता?"

"गाव आहे म्हणजे असणारच," ती म्हणाली. विषय संपला.

खरं तर तिची धास्ती मला कळत होती. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा. गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. आपण गेल्यावर या दोघींकडे कोण बघणार, हाच घोर आईला लागला होता.

त्या आठवड्यात रिसायकलिंगची निळी पेटी आणायला आम्ही बाळाला घेऊन टाउन ऑफिसात गेलो. पेटीसाठी मी पत्ता सांगत होते आणि आई टेबलामागच्या भिंतीवरचं गावाचं बोधचिन्ह बघत उभी होती. "विचार ना, हे काय आहे?"

टेबलाशी बसलेल्या, केस पिकलेल्या बाई एकदम खुलल्या. निळ्या लाटा म्हणजे गावची नदी. गव्हाची पेंढी, कारण पिठाच्या गिरणीभोवती गाव वसलं. एका बाजूला हरीण, दुसऱ्या बाजूला अस्वल, हे राखणदार. मी आईला मराठीत सांगत गेले.

"नदी, धान्य आणि वर दोन-दोन वाहनं!" आईचे डोळे चमकले. "जागृत देवी दिसतेय."

मी हसेपर्यंत तिने टेबलामागे जाऊन, शाल अंथरून बाळाला त्या भिंतीशी ठेवलंसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात जोडून ती देवीशी बोलायला लागली. "मी जातेय. माझी लेक इथे एकटी आहे. दोघींना सांभाळ."

बाईंनी हळूच मला विचारलं, "काय म्हणताहेत त्या?"

मला रडूच फुटलं. तशीच रडत मी इंग्रजीत सांगितलं. त्या उठल्या, बाळाशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि आईकडे बघत मला म्हणाल्या, "त्यांना सांग, मी तुमच्याच रस्त्यावर राहते. रोज येऊन जाईन."