सावलीत वाळवलेला उजेड

कुंभार पिंपळगावच्या सोनूबाईला अक्षर येत नव्हतं, पण माती कधी वाळली आणि कधी करपली हे ती नुसत्या बोटानं सांगायची. कच्चं मडकं उन्हात तडकतं, म्हणून तिची मडकी पडवीतच वाळत. शेवग्याचा पालासुद्धा तिथंच. नवरा भुजंग म्हणायचा, ही एक दिवस मलाबी सावलीतच वाळत घालील.

निजामाचं राज्य होतं, फसली सन तेराशे पंचेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीस. ज्येष्ठात बदरोद्दीन मास्तर सासुरवाडीला गावात आले. ते औरंगाबादेच्या कॉलेजात किड्यांचं शास्त्र शिकवत. काजवा गरम न होता उजेड कसा देतो, हे त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी पाणी घातलं की पुन्हा उजळतील असे वाळवलेले काजवे न्यायचे होते. गोदाकाठच्या बाभळीत काजव्यांना तोटा नव्हता. गावानं गाडगी भरभरून आणली. मास्तरांनी ते पत्र्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवले.

सोनूबाईनं पारावर जाऊन सांगून पाहिलं, की याला सावलीच पाहिजे. रखमाजी पाटलांना ते खपलं नाही. कुंभारीण आता कॉलेजाला शिकवाया निघाली, असं ते म्हणाले आणि सगळा पार हसला. मास्तरही हसले. सोनूबाई जागची हलली नाही.

"माझे मी वाळवून दावते," ती म्हणाली. "न्हाई उजळले तं ह्या पारावर पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई."

आठ दिवस ती काजव्यांच्या खापरावरून हात फिरवत राहिली. बोलून तर बसली होती. आता बायका पाणवठ्यावर रोज विचारायच्या, उजळले का गं?

नवव्या दिवशी भर दुपारी सगळे पाटलांच्या रिकाम्या बळदात शिरले. दार लावल्यावर धान्याच्या त्या कोठीत हाताला हात दिसेना. मास्तरांनी आपली भुकटी वाटीत टाकून पाणी घातलं. अंधार तसाच राहिला. आणखी पाणी घातलं. कोणीतरी खाकरलं.

मग सोनूबाईनं आपले काजवे खलात कुटले आणि वर गार पाणी ओतलं. खलाच्या तळाशी हिरवट पिवळा उजेड उमलला, वर चढला आणि त्यात पाटलांच्या मिशा दिसू लागल्या.

मास्तर खलावर वाकले. मग त्यांनी समजावून सांगितलं. काजव्याच्या पोटात एक वस्तू जळणारी असते आणि दुसरी तिला जाळणारी. ह्या दुसरीला शास्त्रात विकर म्हणतात. ते फार नाजूक असतं, पत्र्याच्या चटक्यानं मरतं.

"मंग विरजणच की साहेब," सोनूबाई म्हणाली. "कढत दुधात विरजण घातलं तं दही लागंल का?"

"बिलकुल न्हाई लागणार," मास्तर म्हणाले. "बराबर बोलल्या तुम्ही."

खलातला उजेड विझत आला होता. मास्तरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी आपल्या वाटीतलं मेलेलं पाणी त्यात ओतलं. उजेड पुन्हा चढला. त्यांचं विकर मेलं होतं, पण जळणारी वस्तू शिल्लक होती. सोनूबाईच्या विकरानं तीही पेटवली.

सोनूबाईनं वाळवलेल्या काजव्यांची बरणी औरंगाबादेला गेली. वर मास्तरांनी उर्दूत तिचं नाव लिहिलं आणि सगळ्या पारासमोर ते मोठ्यानं वाचलं. पुढं निजामाचं राज्य संपेस्तोवर दरसाल अशी बरणी जात राहिली.

दुसऱ्या साली काजवे दिसू लागताच पाटलांचा सांगावा आला: बाईनं पारावर यावं, लोकांना वाळवायची रीत सांगावी. सोनूबाईचे हात मातीत होते.

"पाटलाला सांग," ती निरोप्याला म्हणाली, "मी काम करून राह्यले. शिकायचं असंल तं हितं या."

भुजंगाचं चाक थांबलं. पाटलांना असं कोणी कळवलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी पाटील आले. जोडे बाहेर काढून पडवीत उकिडवे बसले आणि खापरावर काजवे पसरू लागले.

"इरळ करा, पाटील," सोनूबाई म्हणाली. "एकावर एक नको."

पाटलांनी सगळे गोळा केले आणि पुन्हा पसरले.