आप्पांचा सिक रिपोर्ट

दुपारच्या सुट्टीत आईचा फोन आला. एरवी ती या वेळी करत नाही, म्हणून घाईनं उचलला. पण पलीकडून ती आनंदानं ओरडतच होती, "अगं, आज आप्पा बोलले मला! आमटी आळणी हाय म्हणाले! वर म्हणाले, ध्यान कुठं असतं तुझं?"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी चक्क उडी मारली. सहावीची मुलं बघतच राहिली.

कित्येक महिने आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कशालाही नावं ठेवली नव्हती. फौजेतून निवृत्त झाल्यावर तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत ते रमले होते. रोज पहाटे दाढी करून, बूट पुसूनच ते बागेत जात. छाटणीत कुणाची कात्री चुकली की त्यांचा आवाज दोन बांध पलीकडे ऐकू यायचा. तो आवाजच बंद झाला. दाढी वाढली. उन्हाळ्यात शेडमध्ये बेदाणा वाळत पडला, तरी ते बघायला गेले नाहीत.

आमच्याकडे माणूस गळाला की सलाईनची बाटली लावतात. आई त्यांना गावातल्या दवाखान्यात नेऊन बाटली लावून आणायची. शेजारच्या काकी सांगायच्या, "पांढरीनं काय हुतंय? पिवळी लावा, पिवळी!" पिवळीही लावून झाली.

मग शाळेत आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. मुलांमधलं नैराश्य कसं ओळखायचं, हे एक समुपदेशक बाई सांगत होत्या. आवडत्या कामातून मन उडतं, झोप मोडते, आपण घरच्यांना ओझं आहोत असं वाटतं. आदल्याच रविवारी आप्पा म्हणाले होते, "माझ्यावाचून तुमचं काय अडत न्हाई." मी ताठ बसले. भीती वाटली, पण त्याहून जास्त हुरूप आला. हा आजार आहे! म्हणजे याला डॉक्टर असणार, औषध असणार! आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही आप्पांच्या हट्टामुळे. ते शिक्षण आता त्यांच्याच कामी येणार होतं. बाईंना गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उशीर करू नका. आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत."

संध्याकाळच्या एसटीनं घरी गेले. मनाच्या डॉक्टरकडे नेऊया म्हटल्यावर आई बिथरलीच. "येड्याच्या डाक्टरकडं? फौजी माणसाला?"

मी आप्पांजवळ बसले. "आप्पा, जगू नये असं वाटतं का?"

त्यांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. "कवा कवा," म्हणाले.

आई येऊन त्यांच्या शेजारी बसली.

मी विचारलं, "फौजेत बरं नसलं की काय करायचा?"

"सिक रिपोर्ट. आजारी हाय म्हणून डाक्टरपुढं हजर व्हायचं."

"आणि नाही केला तर?"

"न करता लाइनीत पडला, तर सुभेदार सोलून काढायचा."

"मग उद्या सांगलीला सिक रिपोर्ट करायचा?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दाढी करावी लागंल," म्हणाले.

सकाळी खरंच गुळगुळीत दाढी करून ते एसटीत बसले. मानसोपचारतज्ज्ञ बाईंपुढे तर सावधानमध्येच उभे राहिले. त्या आधी त्यांच्याशी एकट्याशी बोलल्या, मग आम्हाला म्हणाल्या, "हे नैराश्य आहे, बरं होतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायच्या नाहीत. सध्या यांना एकटं सोडू नका. फवारणीच्या औषधांना कुलूप लावा." त्या कुलपाची किल्ली तेव्हापासून आईच्या कमरेला आहे. काकींनी विचारलं, तेव्हा आईनंच ठणकावलं, "आता बाटली न्हाई, गोळी!"

आणि आज ही आमटी!

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हनलं, मीठ घ्या की, हात हाय न्हवं! आन घेतलं की गं!"

"गोळी?"

"ती बी घेतली. आता बागेत गेल्यात. थांब, ऐक."

तिनं फोन दाराबाहेर धरला असावा. वाऱ्याची खरखर, कुठला तरी ट्रॅक्टर, आणि लांबून, दोन बांध पलीकडून आल्यासारखं, "अरं, काडीचा डोळा बघून कात्री लाव की रं!"

शाळेची घंटा झाली. मी फोन कानाला तसाच दाबून उभी राहिले.