नानांचं सोवळं

पंचवटीतल्या गायधनींच्या घरात तीर्थोपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नानांनी ते ऐन तारुण्यात नाकारलं. सोवळं हे थोतांड आहे असं वडिलांना तोंडावर सांगून ते गंगापूर रोडला आले आणि पाटबंधारे खात्यात चिकटले. त्यांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या बरोबर वर मी राहतो, त्यामुळे पुरोगामीपणा जवळून पाहायचं भाग्य मला लाभलं.

नानांना नाद उत्खननांवरच्या जुन्या सचित्र पुस्तकांचा. शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्या साहेबाने कुठल्या वाळवंटात खणलं, काय सापडलं, त्याची गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत चित्रं. देवळालीतला एखादा जुना बंगला रिकामा होतोय असं कळलं, की नाना पहाटेच तिथे हजर. बाकी प्रत्यक्ष मातीशी त्यांचा संबंध कुंडीतल्या तुळशीपुरताच. पांडवलेणी रिक्षेने गाठता येतात, पण तिथे ते कधी चढले नाहीत. आता गुडघे दुखतात म्हणून, आणि गुडघे दुखत नव्हते तेव्हा ऊन होतं म्हणून.

पुस्तकं आली आणि पाठोपाठ सोवळं आलं. बघणाऱ्याने हात साबणाने धुवायचे, पुसायचे, पाटावर बसायचं. पुस्तक समोर चौरंगावर. पंखा बंद. पान नानाच उलटणार, आपण नुसतं दर्शन घ्यायचं. मिसळ खाऊन आलेल्याला दारातूनच नमस्कार. उत्तराकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या कपाटाला फडकंही लावायची परवानगी नव्हती. यात आणि वडिलांच्या सोवळ्यात फरक काय, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, हे शास्त्रीय आहे. वडीलही बहुधा हेच म्हणत असावेत.

त्यातलं मुख्य दैवत म्हणजे फरात, म्हणजे युफ्रेटिस, नदीकाठी गाडल्या गेलेल्या एका शहराच्या उत्खननाचा जाडजूड ग्रंथ. वडिलांकडून नानांना एकच वस्तू मिळाली होती, पूजेला नेसायचा रेशमी मुकटा. त्या मुकट्यात ग्रंथ घट्ट गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून, लोखंडी कपाटात तळाशी, त्याच्यावर बाकीची पुस्तकं. मागची भिंत पावसाळ्यात ओल धरते हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. पण दैवताच्या गाभाऱ्यात सोसायटीने कशाला बोलायचं?

नात मृण्मयी लहानपणी मे महिन्यात यायची. धुतलेले हात पुढे करून कपाटापाशी उभी राहायची. नाना हात उलटसुलट तपासायचे, नखं बघायचे आणि म्हणायचे, उद्या दाखवतो. ते उद्या काही उजाडलं नाही. मग ती मागायची थांबली आणि पुढे पुण्याला पुरातत्त्व शिकायला गेली. आमच्यावर गेलीय, असं नाना प्रत्येकाला सांगत. नानांवर गेलेली मुलगी मातीत हात कशी घालते, हे मला आजवर उमगलेलं नाही.

या दिवाळीत मात्र नाना हळवे झाले. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "सगळी पुस्तकं तिला द्यायची ठरवलंय. पण तिने नको म्हटलं तर?" एवढा घाबरलेला माणूस मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. धीर म्हणून मलाही बोलावणं आलं.

मृण्मयी थेट उत्खननावरून आली होती, नखांत माती तशीच. नानांनी नखं पाहिली आणि चक्क हात धुवायला पाठवलं नाही. ग्रंथ तिला देणार म्हणाले. ती संकोचली. तो आख्खा आपण फोनवर पाहिलाय, असं तिने हळूच सांगितलं. फोनवर रंग असे येत नाहीत, म्हणत नानांनी मुकटा सोडला आणि पुस्तक उघडायला गेले.

ते उघडेना. गुळगुळीत कागदावरचा लेप ओलीने चिकट झाला होता आणि चित्रांची सगळी पानं एकमेकांना धरून वीट झाली होती. शेवटचं कधी उघडलं होतं, तिने विचारलं. नानांना आठवेना. आपल्याच हाताला घाम येतो म्हणून त्यांनी ते कित्येक वर्षं उघडलं नव्हतं. नखाने एक कोपरा सोडवायला गेले, तर कोपरा फाटून हातात आला.

"नाना, हात लावू नका," मृण्मयी म्हणाली.

मला खरं तर हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. पण हसू आलं नाही, वाईटच वाटलं.

तिने सॅकमधून एक पातळ, बोथट पातं काढलं, फरशीवर फतकल मारली आणि दोन पानांच्या मध्ये ते इंच इंच सरकवू लागली. पहिलं पान सुटलं. रंगवलेल्या मडक्याचा अर्धा निळा रंग समोरच्या पानावर राहिला होता, अर्धा जागेवर होता. ती म्हणाली, मी हे नेते, जेवढी सुटतील तेवढी सोडवते.

नाना न राहवून पुढे वाकले.

"बघायचंय?" मान वर न करता ती म्हणाली. "बसा इथे. पण आधी हात धुऊन या."

नाना मुकाट्याने उठून आत गेले. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता.