काकांच्या डोक्यावरचं कर्कवृत्त

माझी मावशी दहावीला भूगोलात नापास झाली, ती नकाशा उलटा धरल्यामुळे. बाकी सगळे विषय सुटले. भूगोलात मात्र तिने बंदरं डोंगरात नेली, डोंगर समुद्रात बुडवले आणि देशातली सगळ्यात मोठी नदी चढावर वाहायला लावली. पुढं लग्न झालं, पार्लर थाटलं. गावातल्या निम्म्या बायकांच्या भुवया तिच्या हाताखालून गेल्या, पण तो एक विषय राहिला तो राहिलाच.

केशरचना शिकवणाऱ्या संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली आणि तिथं दहावी पासची अट होती, तेव्हा मावशीने पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला. मीही त्याच वर्षी दहावीला होते. माझाही भूगोल यथातथाच.

"आपण दोघी मिळून करू," मावशी म्हणाली. "एक आंधळा, एक पांगळा. पोचू कुठंतरी."

शाळा सुटली की मी पार्लरमध्ये जायचे. आरशासमोर कंगवे, कात्र्या आणि त्यांच्यात उघडं पडलेलं भूगोलाचं पुस्तक. पाठांतरात मावशी वाघीण होती. वाऱ्यांचे प्रकार, मृदेचे प्रकार, खडकांचे प्रकार, सगळं घडाघडा. पण आकृती आली की तिची दातखीळ बसायची. समोच्चरेषा बघून ती म्हणाली, "ही काय, कांद्याची चकती?"

मग आमच्या भूगोलाच्या बाईंनी वर्गात सांगितलेला प्रयोग मी तिला करून दाखवला. बटाटा अर्धा कापला, केस धुवायच्या बेसिनमध्ये पालथा ठेवला, थोडंथोडं पाणी सोडलं आणि पाणी जिथं टेकेल तिथं दर वेळी भुवईच्या पेन्सिलने रेघ मारली. वरून बघितलं तर हुबेहूब नकाशातली टेकडी. जिथं बटाटा एकदम खाली उतरत होता तिथं रेघा दाटीवाटीने, जिथं सावकाश उतरत होता तिथं ऐसपैस.

"अगं, म्हणजे रेघा चिकटून आल्या की कडा!" मावशी ओरडली.

तेवढ्यात डोकं धुवायला आलेल्या एक बाई बेसिनमध्ये डोकावल्या. "हे काय आहे?"

"टेकडी," मावशी म्हणाली. "जरा थांबा, पूर ओसरू दे."

खरी अडचण आली ती अक्षांश-रेखांशांची. कागदावरचे गोल तिला गोल वाटेनात. पृथ्वीगोल घरात नव्हता, चेंडू हातात ठरत नव्हता. एका सकाळी मावशीच्या घरी आम्ही दोघी डोकं धरून बसलो होतो आणि समोर काका पेपर वाचत होते. काका म्हणजे मावशीचे यजमान. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. "मला दिशा दोनच ठाऊक, वर आणि खाली," असं म्हणून ते आमच्या अभ्यासातून अंग काढून घ्यायचे. त्यांच्या डोक्यावर मधोमध तुळतुळीत टक्कल आणि कानांच्या वरून मागे गेलेली दाट केसांची झालर.

मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. "अहो, हलू नका."

"का? झुरळ आहे?"

"नाही. उत्तर ध्रुव आहे."

भुवईची पेन्सिल बटाट्यावर संपली होती, म्हणून तिने केसांच्या रंगात ब्रश बुडवला. टाळूवर एक ठिपका. त्याच्याभोवती एक लहान वर्तुळ, मग मोठं, मग झालरीच्या कडेने सगळ्यात मोठं. ठिपक्यापासून नाकाकडं, कानांकडं, मानेकडं उभ्या रेघा. वृत्तांची, दिशांची नावंसुद्धा लिहिली.

"विषुववृत्तावर घनदाट जंगलं असतात," मी झालरीकडं बोट दाखवलं.

"आणि ध्रुवावर काही उगवत नाही," मावशी म्हणाली.

काका पेपर उलटत म्हणाले, "माझ्या डोक्याबद्दल बोलताय की पृथ्वीबद्दल?"

लिफ्टची वेळ झाली तशी मावशीने कापसाने डोकं खसाखसा पुसलं. डोकं स्वच्छ दिसलं. काका टोपी घालून गेले. पण ज्याने केस रंगवलेत त्याला माहीत असतं, तो रंग चढायला वेळ लागतो. लावताना फिका असतो आणि मागाहून काळा होतो.

पुढचं काकांनीच घरी येऊन सांगितलं. लिफ्टमध्ये उकडायला लागलं म्हणून त्यांनी टोपी काढली आणि स्टुलावर बसले. लोक आत आले, दार लागलं आणि नेहमी एकमेकांकडं पाठ करून उभे राहणारे साहेब आणि कारकून एकदम त्यांच्या टाळूकडं बघायला लागले. काकांना वाटलं, नवा गणवेश आवडला असावा. ते आणखी ताठ बसले.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कर्कवृत्त चुकलंय."

"काही चुकलेलं नाही."

"अहो, आर्क्टिक वृत्त ध्रुवाजवळ असतं. इथं कर्कवृत्त आत घेतलंय आणि आर्क्टिक बाहेर."

"आणि पूर्वेचं काय? ग्रीनिच नाकावर धरलं तर पूर्व यांच्या डाव्या कानाला यायला हवी. उजव्यावर लिहिलीय!"

"मला तर उजव्यालाच बरोबर वाटते."

वाद इतका रंगला की कुणालाच आपल्या मजल्याचं भान राहिलं नाही. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. हिशेब विभागातल्या एक बाई नीट दिसावं म्हणून काकांची हनुवटी धरून डोकं फिरवायला लागल्या, तेव्हा काकांनी दाराच्या पितळी पट्टीत स्वतःला पाहिलं.

संध्याकाळी ते घरात शिरले ते धुमसतच. मावशीने तोंडावर पदर धरला. मी पुस्तकामागे तोंड लपवलं.

"हसा! जगात माझी शोभा झाली!" काका खुर्चीत आदळले. मग टोपी काढून डोकं पुढं केलं. "कर्कवृत्त बाहेर घे. पूर्व डाव्या कानाला. आणि अंश घाल, अंशांशिवाय काही कळत नाही म्हणाले. काढायचंच असेल तर धड काढ. उद्या पुन्हा तेच लोक असणार."

त्यानंतर परीक्षेपर्यंत काकांचं डोकं आमच्या ताब्यात होतं. मावशी त्यांना गरागरा फिरवून वेळ काढायला शिकली. दिवा म्हणजे सूर्य, डोकं पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरवायचं, एका रेखांशाला चार मिनिटं. काकांना चक्कर आली की एक दिवस पूर्ण झाला.

परीक्षेला आमचा वर्ग एकच आला. मावशी बाकावर बसली तशा पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी पालक नाही, विद्यार्थिनी आहे," मावशी म्हणाली आणि पट्टी सरळ ठेवली.

नकाशा हातात आला तेव्हा तिने आधी उत्तरेचा बाण शोधला, मग बाणावर अंगठा असा दाबून धरला की जणू कागद पुन्हा उलटा होऊन पळून जाईल. टेकडीचा प्रश्न तिने गालातल्या गालात हसत सोडवला. वेळेच्या गणिताला मात्र तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी गोल धरून फिरवायला सुरुवात केली.

पर्यवेक्षक बाई धावत आल्या. "काय चाललंय?"

"डोकं चालवतेय," मावशी म्हणाली.

निकाल लागला. दोघी पास. मावशीला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले आणि हे तिने पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला, भुवई अर्धी झालेली असताना, म्हणजे उठून जाता येणार नाही अशा वेळी, सांगितलं. संस्थेतली जागाही तिला मिळाली.

रुजू होण्याआधी ती म्हणाली, "इतकं समुद्राचं पाठ केलं, एकदा बघून येऊ." तिने तो कधी पाहिलाच नव्हता. आम्ही तिघं बसने गेलो. मावशी पिशवी सावरत पुढं धावली आणि थबकली. समोर चिखल, वाळू आणि कुशीवर निजलेल्या होड्या. पाणी पार लांब, एक चकाकती रेघ.

"समुद्र कुठाय?" काका म्हणाले.

"ओहोटी आहे. येईल."

"कधी?"

"येईल म्हटलं ना. बसा."

काकांनी भाजलेले शेंगदाणे घेतले. आम्ही ओल्या वाळूवर चटई टाकून बसलो. मावशी मांडी घालून, एखाद्या पाहुण्याची वाट बघावी तशी, समोर नजर लावून. बऱ्याच वेळाने पाणी खरंच आलं, आधी पुढ्यात, मग पायांशी, मग चटईच्या खाली.

"अगं, उठूया का?" काकांनी चपला छातीशी धरल्या.

"थांबा हो," मावशी भिजत म्हणाली. "अजून भरती पूर्ण झाली नाही."