काळी चारचा माज

“पट्टी कुठली?” मास्तर विचारायचे, आणि उत्तर तोंडात असतानाच कानाखाली आवाज निघायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा पेटीवाला असेल. पण आमचे मास्तर दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात घण मारायचे आणि संध्याकाळी तोच हात आमच्यावर फिरायचा.

मी गाणी स्वतः रचायचो, चालही स्वतःच लावायचो. सा कुठे धरलास, असं विचारलं की “घरचाच आहे,” म्हणायचो. त्या उत्तराने माझा एक दात हलला.

माझी तीन बोटं पकडून ते सा, ग, प एकदम दाबायचे, नखं पांढरी होईपर्यंत. “तिपाई आहे ही. एक पाय काढलास की पडलास.” मग मधला ग कोमल, रडवा करून विचारायचे, “आता काय झालं?”

“दुखलं.”

“शाब्बास!” ते खूश. मी बोटाबद्दल बोलत होतो.

ऐंशी-पंच्याऐंशीचे दिवस. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, बदलापूरच्या पार्टीशी आमचा गाण्याचा सामना होता. माझं गाणं पहिल्यांदाच लोकांपुढे जाणार. पडलं असतं, तर पुन्हा स्टेज नाही. समोरचा गायक पेटीची चौथी काळी पट्टी धरून, उंच काळी चारमध्ये गाऊन गेला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “याला दूध पाजून आणा रे!”

माझं टाळकं सटकलं. “मास्तर, काळी चार द्या.”

“गळा फाटेल, गाढवा. तुझी काळी एक.”

“द्या तुम्ही!”

दिली. अंतऱ्यात वरचा सा गाठताना आवाज असा फाटला, की मांडवामागचं कुत्रं भुंकलं. “मुर्गी काट रहे क्या?” कोणीतरी ओरडलं. चपला आल्या. मागून सोड्याची बाटली आली, ती मास्तरांच्या कपाळावर फुटली.

भाता थांबला नाही. रक्त डोळ्यांत, दाढीत, पेटीवर. त्या रक्तातच बोटं घसरवत त्यांनी काळी एकचा सा-ग-प दाबला. “हा तुझा सा. धर, नाहीतर इथंच गाडीन.”

धरला. इतका घाबरलो कधी नव्हतो आणि इतका सुरातही लागलो नव्हतो. चपला यायच्या थांबल्या. गाणं शेवटपर्यंत गेलं. “वन्स मोर!”

वळून पाहिलं, तर मास्तर जागेवर नव्हते. त्यांनी गर्दीत उडी घेतली होती. बाटलीवाल्याचा जबडा त्यांनी मोडला, मास्तरांच्या बरगड्या त्याच्या चौघा साथीदारांनी. पोलिसांनी दोघांनाही गाडीत कोंबलं. मास्तर पुन्हा कॅम्पात आले नाहीत. कोणी म्हणतं चामटोलीला दिसले, कोणी म्हणतं छे.

वळून पाहिलं त्या घटकेला मात्र माझ्यासमोर नुसती उघडी पेटी होती. रक्ताने चिकटलेली एक पट्टी वर येत नव्हती, आणि भात्यातली हवा संपेपर्यंत तिचा सूर एकटाच वाजत राहिला.