उडीच्या मास्तराचं स्थळ

आमच्या घरात काहीही निवडायचं झालं की ते स्थळासारखंच निवडलं जायचं. म्हैस असो, भाडेकरू असो, दात काढणारा डॉक्टर असो. आधी घराणं कोणतं, शेती किती, भाऊ काय करतात, आणि आपल्यापैकी कुणाच्या ओळखीचे आहेत का. म्हैस दूध किती देते हे सगळ्यात शेवटी, तेही आठवलं तर. त्यामुळे मी कड्यावरून हवाई छत्री घेऊन उडी मारायची म्हटल्यावर मला शिकवणारा माणूस कसा शोधला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी एम.एस्सी. करत होते आणि पाहायला आलेल्या दोन मुलांना नकार देऊन नातेवाइकांत बदनाम झाले होते. कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात मी तो फोटो पाहिला. उंच कड्यावरून एक माणूस सरळ खाली झेपावलेला, पाठीवर छत्रीची पिशवी, खाली दरी. विमान वगैरे काही नाही. पाहायला आलेल्या एकाही मुलाकडे मी इतका वेळ पाहिलं नव्हतं. मला ती उडी मारायची होती. मरायचं नव्हतं. हे दुसरं वाक्य मी घरात रोज सांगत असे, कारण आईला दोन्ही एकच वाटे.

बाबांची लकडगंजात लाकडाची वखार होती. सागाचा ओंडका घेताना ते आधी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, ठोकून त्याचा आवाज ऐकत. पोकळ ओंडका त्यांनी आयुष्यात घेतला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हा कान ते वखारीतच ठेवून घरी येत. 'नाही' म्हणणं त्यांना जमत नसे, ते 'पाहू' म्हणत. शिकवणारा मिळणारच नाही आणि पोरीचं खूळ आपोआप उतरेल, असा त्यांचा हिशेब असावा. पण मध्ये मामा पडला.

मामाची नरखेडकडे संत्र्याची बाग होती आणि बागेपेक्षा मोठं तोंड होतं. त्याला उडीशी काही घेणंदेणं नव्हतं. पेपरात पोरीचा फोटो आला की स्थळांची रांग लागेल, एवढंच त्याला दिसत होतं. तो बाबांना म्हणाला, शिकवणारे मी आणतो, तुम्ही फक्त बघायला बसा. आणि रविवारी रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत उडीचे मास्तर येऊन बसू लागले.

पहिला योगशिक्षक होता. श्वास कोंडला की देह हलका होतो, मग छत्री नावापुरती, असं त्याचं म्हणणं. त्याच्या डोक्यात हलकेपणा बराच वर चढला होता हे मला चहा होईपर्यंत कळलं. घरच्यांनी त्याला नाकारलं ते यासाठी नव्हे. त्याचा भाऊ घरजावई झाला होता म्हणून.

दुसरा मामाच्याच शेजारच्या गावचा, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. फौजेत विमानातून उड्या मारलेल्या, आता स्वतःची बाग. मामाने त्याचं नाव ऐकलं होतं, त्याला पाहिलेलं नव्हतं. हा माणूस असह्य होता. बसल्या बसल्या त्याने स्वतःची कीर्ती सुरू केली, बाबांच्या खुर्चीला डुगडुगणारी म्हणाला, माझ्याकडे पाहून ही पोरगी पोत्यासारखी बसते, गुडघ्यात जीव नाही म्हणाला. कड्यावरून उडी मारणारा या मुलखात कोणी नाही, मीसुद्धा नाही, हेही त्यानेच सांगितलं. पण छत्रीची घडी कशी घालायची आणि जमिनीवर कसं पडायचं हे मी वर्षभर घोटून घेईन, मग तिने विमानातून मारावी, कड्याचं त्यानंतर बघू. मला त्याचा राग येत होता. तरी त्या खोलीत उडीबद्दल बोलणारा तो एकटाच होता.

मामाचं लक्ष तिसरीकडेच. दारातून आत येताना हवालदाराचं पाऊल त्याला जरा तिरपं वाटलं होतं. मला पाहायला आलेल्या बायका चाल बघायला करत तीच युक्ती त्याने वापरली.

"थे खिडकी लावून घेता काय जरा?" तो गोड आवाजात म्हणाला. "हवा येऊन राहिली."

हवालदार उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. उजवा पाय ओढत होता. मामाने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे, आणि आईने स्वयंपाकघरात गॅस बंद केला. आमच्याकडे पसंत नसलेल्या स्थळाला फक्त चहा मिळे. पोहे आत राहत.

सरहद्दीवर राहून आलेल्या त्या माणसाला आपल्याला चालवून पाहिलं हे कळलं नसेल असं समजणारे लोक माझ्या घरात होते, याची मला आजही लाज वाटते. त्याला सगळं कळलं होतं. मी फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्याने माझ्याकडे तुच्छतेनेच पाहिलं.

"कोनापासूनही शीक," तो म्हणाला. "पन उडीच्या पयले तुह्या वजनाचं पोतं टाकाले लाव. जो पोतं टाकाले नाही म्हनते, त्याच्यापासून शिकू नको."

तो गेल्यावर आत मामा म्हणत होता, ज्याला स्वतःला नीट उतरता आलं नाही तो पोरीला काय शिकवणार. बाबांनी मान हलवली. पाय कसा मोडला, हे कोणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्याला पोहे मिळाले. वर खोबरं, शेव, आणि नको नको म्हणताना दुसरी बशी. गांधीबागेत त्याच्या घरची कापडाची ठोक पेढी होती. त्याने एक साहसमंडळ काढलं होतं, त्याचा अध्यक्षही तोच होता, आणि जुन्या फौजी सामानाच्या लिलावात एक छत्री मिळवली होती. अंगावर इस्त्रीचा सफारी, बोलणं लोण्यासारखं. बाबांना काका, मामाला मामाजी, आईच्या पोह्यांची तारीफ. आणि त्याने खिशातून छत्रीच्या कापडाचा एक तुकडा काढला, नमुना म्हणून. बाबांनी तो चिमटीत धरून चोळला. मामाने उजेडात धरला. माल एक नंबर आहे असं ठरलं. हा तुकडा छत्रीच्या कुठल्या भागातून कापला, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ताई फार हुशार आहेत. छत्री उघडायला किती उंची लागते असं विचारलं, तर म्हणाला, ते हवेवर डिपेंड आहे.

मामाने त्याला निमित्त काढून चालवलं. चाल सुरेख होती.

मग माझं शिक्षण सुरू झालं. शिक्षण म्हणजे पेढीच्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांवरून खाली गादीवर उडी मारायची आणि उतरल्यावर हात वर करून हसायचं, कारण समोर फोटोग्राफर असे. दर वेळी भाषण. भाषणात धैर्य, देश आणि तरुण पिढी. छत्रीला हात लावू देत नसे, तिची घडी तो स्वतः घाली. दुकानात कापडाचं ठाण घडी घालतात तशीच, काठाला काठ जुळवून, हाताने दाबून, सुरकुती नाही. दोऱ्या वर गुंडाळून ठेवी. पाहणाऱ्याला वाटावं आता गिऱ्हाईक येईल आणि मीटरवर मागेल. मला त्याचा तिटकारा आला होता, तरी मी दर रविवारी जात होते. छत्री दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

कडा ठरला, सातपुड्यातला, मामाच्या गावाहून जीपने जाण्याजोगा. तेव्हा मी पोत्याची गोष्ट काढली. अध्यक्षाचा चेहरा पडला. पोत्याला काय शिकवायचं, म्हणाला, आणि मग दुखावलेल्या आवाजात, आमच्यावर भरोसा नाही काय. मामा तर माझ्यावर उखडला. सगळं जुळल्यावर असं काही काढणं म्हणजे समोरच्याचा अपमान, हे एम.एस्सी.पर्यंत शिकूनही मला कळत नव्हतं.

"साखरपुडा झाल्यावर पोराची पगाराची पावती मांगते काय कोनी?" तो म्हणाला.

मी म्हटलं, पोतं नाही तर उडी नाही. ज्या घरात दोन नकार देऊन झाले होते त्या घरात माझा तिसरा नकार खरा होणार हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा म्हणाले, टाकू एक पोतं, शकुन म्हणून. त्यांना ते पटलं असं नाही. पण वजन करणं त्यांना आवडत असे.

वखारीत जळाऊ लाकूड मोजायचा मोठा काटा होता. बाबांनी मला त्याच्या एका पारड्यात उभं केलं आणि दुसऱ्यात पोतं ठेवलं. दगड भरू नका, कपडा फाटेल, असं अध्यक्षाने बजावलं होतं, म्हणून मामाने त्याच्या बागेतली गळीची संत्री आणली होती. झाडावरून आपसूक गळणारी ती फळं नाहीतरी कुणी घेत नसे. बाबा स्वतः एकेक संत्रं टाकत होते. काटा बरोबर आला तरी त्यांनी आणखी एक टाकलं, मग काढलं. "बस," ते म्हणाले. "हे तू झाली."

कड्यावर अध्यक्षाने आधी नारळ फोडला, मग भाषण केलं. मामा फोटोग्राफरला माझी डावी बाजू घ्यायला सांगत होता. पोत्याचं तोंड बाबांनी सुतळीने बांधलं, मग त्याला छत्रीचे पट्टे बांधले. छत्री उघडणारी दोरी मागे एका झाडाला बांधली, म्हणजे पोतं खाली गेलं की दोरी ताणून छत्री बाहेर यावी. मी कडेपासून थोडं मागे उभी होते, अध्यक्षाने शिवून दिलेल्या निळ्या पोशाखात. पोत्यानंतर लगेच माझा नंबर होता. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीपेक्षा जास्त, ही माणसं माझी शेवटची संगत असू नये असं वाटत होतं.

मंडळाच्या दोघांनी पोतं ढकललं. दोरी ताणली गेली. छत्री पिशवीतून निघाली, पण उघडली नाही. ठाणाची घडी तशीच्या तशी, वर दोऱ्यांचा पीळ, आणि एक लांब पांढरी चिंधी पोत्याच्या मागे खाली गेली. खालच्या खडकावर ते आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत यायला जरा वेळ लागला. बाबा कडेशी जाऊन गुडघ्यावर बसले आणि खाली पाहू लागले. पोतं फुटलं होतं. खडक ओला दिसत होता आणि ओल उताराने पसरत होती.

अध्यक्षाने घसा साफ केला. पोत्याने हातपाय हलवले नाहीत म्हणून ते फिरलं, म्हणाला. माणूस असता तर सांभाळून घेतलं असतं.

बाबा उठले. पँटच्या गुडघ्यांवरची माती त्यांनी झटकली नाही.

"तुमी सोता किती खेपा उडी मारली?" त्यांनी विचारलं.

"अजून तसा योग आला नाही, काका," तो म्हणाला. आवाज तोच, लोण्यासारखा.

बाबांनी माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरत तसा, मनगटाशी, दुखेल असा. जीपमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

परतीच्या वाटेवर मामा डोकं धरून बसला होता, आणि ते पाहून मला क्षणभर वाटलं की यालाही काही समजलं. मग तो बोलला. "काही म्हना, पोरगा घरंदाज हाये. एवढं झालं पन आवाज नाही चढवला त्यानं." असल्या माणसाला काय म्हणायचं, हे मला आजवर सापडलेलं नाही. पुढे एका बागेपाशी बाबांनी ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली.

हवालदार मोटरपंपाच्या खोलीसमोर खाटेवर बसून बिडी ओढत होता. आम्हाला पाहून तो उठला नाही, आणि उठायचं कारणही नव्हतं. मी अजून त्या निळ्या पोशाखात होते. त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काय झालं असेल ते त्याला कळलं असावं, कारण त्याने काही विचारलं नाही. मामा जीपमधून उतरलाच नाही. बाबा खाटेपुढे उभे राहिले. त्यांच्या हाताला संत्र्याच्या पोत्याचं सुतळीचं टोक अडकून राहिलं होतं, तेच ते सोडवत होते.

"तुमचा पाय कसा मोडला?" बाबांनी विचारलं.

"उतरताना," हवालदार म्हणाला. "पाय मोडला म्हंजे छत्री उघडली होती. ज्यायची नाही उघडत थे लोकं लंगडत नाही."

मला वाटलं बाबा हात जोडतील, आणि ते मला बघवलं नसतं. त्यांनी हात जोडले नाहीत.

"त्या दिवशी तुमचे पोहे राहिले," ते म्हणाले. "घरी या."

हवालदाराने बिडी विझवली.

"पोहे राहू द्या," तो म्हणाला. "पोरीले पाठवा."