पाठीमागची हाक

एमपीथ्री प्लेअर नवे होते तेव्हाची गोष्ट. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावात एका छोट्या दुकानात मी हेडफोन घ्यायला गेलो. दुकानातला माणूस पन्नाशीचा, वसईकडचा. माझं मराठी ऐकून खुलला.

"पहिले काही दिवस हळू वाजू द्या, म्हणजे आवाज मोकळा होतो म्हणतात," तो म्हणाला.

"हळू म्हणजे किती?"

त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले, गाणं लावलं आणि पाठीमागे जाऊन उभा राहिला. जरा वेळाने समोर येऊन त्याने ते काढले.

"तीन हाका मारल्या. ऐकू आल्या?"

"नाही."

"मग हा आवाज जास्त झाला." त्याने तो निम्म्यावर आणला. "पूर्वी इथेच बांधकामाच्या साइटवर कामाला होतो, तेव्हा मी असाच गाणी ऐकत होतो. वरून पाइप सुटला. जोडीदार ओरडत होता, मला एकही हाक ऐकू आली नाही. शेवटी धावत येऊन त्याने मला ढकललं आणि स्वतः पाइपाखाली सापडला. जागीच गेला."

तो हेडफोन खोक्यात भरू लागला. मधेच त्याचे हात थांबले. मान वळवून मागच्या भिंतीकडे बघत तो हलकेच म्हणाला, "आलो रे, आलो."

दुकानात आम्ही दोघंच होतो. आणि आता माझे कान मोकळे होते, तरी मला कुठलीच हाक ऐकू आली नव्हती.